ढिगाचा घास

९ जानेवारी २०२३, सोमवार. महागाव.

पोहोचलो बापा एकदाचे! मी, भाऊसाहेब, संत्री आणि टेम्पोभर सामान. आर्णीच्या अलीकडे एक कुंडी फुटली आणि तिच्या मातीत माझे सगळे टॉवेल लोळले. टेम्पोवाला रस्ताभर नाक दाबून बसला होता, कारण संत्रीने यवतमाळ यायच्या आतच पिंजऱ्यात घाण करून ठेवली होती. मी म्हटलं, तुझ्या तंबाखूच्या खर्र्याच्या वासापेक्षा हे बरं आहे. मग तो महागाव येईपर्यंत बोललाच नाही.

भाऊसाहेब म्हणजे माझा कुत्रा. गावठी, तपकिरी, म्हातारपणी पोट सुटलेला. चालतो असा की वॉर्डातली कामं पाहायला निघालाय, म्हणून हे नाव. संत्री म्हणजे मांजर, तिचं नाव रंगावरून. नागपूरची मांजर, दुसरं काय नाव ठेवणार?

घर मिळालं याचं मला अजून खरं वाटत नाही. इथल्या नव्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायची नोकरी लागली तेव्हापासून घरं पाहून राहिली होती. कुत्रं आहे म्हटलं की लोक ओसरीवरूनच हात जोडायचे. मांजरही आहे म्हटलं की माझ्याकडेच वाकडं पाहायचे. एका बाईने तर तोंडावर विचारलं की त्याच्यापेक्षा नवरा काहून नाही आणला. या दोघांना सोडून मी कुठेही जाणार नाही हे घरच्यांनाही माहीत आहे, म्हणून तर ते आता मला लग्नाचं विचारत नाहीत.

वामनरावांनी मात्र एका शब्दात हो म्हटलं. मुकं जनावर आहे, राहू द्या म्हणे. घर त्यांनी मुलासाठी, अक्षयसाठी बांधलं होतं, तो पुण्यात रमला. नवीकोरी फरशी, नळाला पाणी, मागे कडुनिंब, आणि मालक स्वतः गल्लीच्या पलीकडच्या घरात. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझं. अट एकच. मधल्या हॉलमध्ये त्यांचा कापूस भरलेला आहे, भाव आला की उचलू म्हणाले, तोवर तो तिथेच राहील. हॉलचं दार माझ्या स्वयंपाकघरात उघडतं, आत उतरायला एक पायरी. उघडून पाहिलं तर काय, पार छतापर्यंत कापूस! पंख्याची पाती त्यात रुतलेली. संत्री पायरीवर बसून डोळे विस्फारून पाहत होती. तिला वाटलं असेल, ही गादी माझ्यासाठीच घातली.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. तानाबाई. ठेंगणी बाई, गुडघे धरून चालते, बोलायला गोड. हातात दहीभाताची वाटी. म्हणाल्या, हा ढिगाचा घास. कापूस वेचायला सुरुवात करताना वावरात सीतादही करतात ते मला ऐकून माहीत होतं, पहिल्या झाडाला दहीभात शिंपडतात, मग बाया कमरेला झोळीसारखी ओटी बांधून वेचायला लागतात. तानाबाई म्हणाल्या की तो झाला वावराचा वाटा, पण जो कापूस घरात येते त्याचा वाटाही संगंच घरात येते. म्हणून दर सोमवारी एक वाटी ढिगाजवळ ठेवायची. त्यांच्याने आता पायरी उतरवत नाही. त्या करून देतील, मी फक्त आत ठेवायची.

मी मान डोलावली. त्या गेल्या आणि मला आठवलं की सकाळपासून पोटात बिस्किटांशिवाय काही नाही. जिऱ्या-मिरचीची फोडणी, वर कोथिंबीर. दोन बोटं चाखली. मग चार. मग भाऊसाहेबाने पायावर पंजा ठेवला, त्यालाही दिला. उरलेला संत्रीने असा चाटला की वाटी घासायची गरजच राहिली नाही. रिकामी वाटी पायरीवर ठेवून दिली. ढिगाला काय कळतंय!

फार दिवसांनी आम्ही तिघं एका घासात जेवलो. झोप येऊन राहिली आहे. चांगलं घर आहे.

१२ जानेवारी

खाज! मानेला, काखेत, पोटऱ्यांवर, बोटांच्या बेचक्यात. दवाखान्यात एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंग धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःची पाठ खाजवून राहिली होती. आजोबा म्हणाले, कापसाच्या घरात राह्यते वाटते पोरगी.

भांडी घासायला पुष्पा येते, जवळच्या तांड्यावरून. तीही हेच म्हणते. यंदा भाव चढेल म्हणून साऱ्या गावाने घरात कापूस भरून ठेवला आहे, तर सारं गाव खाजवून राहिलं आहे. त्यात बारीक किडे असतात म्हणे. तिला तं आता खाजवल्याबिगर करमत नाही. हे सांगताना ती हसत होती आणि नखांत रक्त होतं. शी! मी तिला साबणाने हात धुवायला लावले.

आणि अळ्या. त्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. हॉलच्या दाराखालून येतात, गुलाबी, भाताच्या शितापेक्षा थोड्या मोठ्या, घाई नसल्यासारख्या. बोंडअळी. आज सकाळी चहाच्या कपात एक होती. अर्धा चहा पिऊन झाल्यावर दिसली. त्या अर्ध्या कपात अजून किती होत्या कोण जाणे. बेसिनपाशी जाऊन घशात बोटं घातली, तर फक्त चहा आला.

फिनाईलची अख्खी बाटली ओतली. दाराच्या फटीत जुनी ओढणी कोंबली.

१६ जानेवारी

काल संक्रांत होती. तानाबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर माझं कौतुक केलं की मॅडम एकटी राहते पण घर कसं आरशासारखं ठेवते. मी खूश. त्यांना काय माहीत की सकाळी पोळीचं पीठ चाळताना चाळणीत काय वळवळत होतं.

आज ती दोघं नवराबायको राळेगावला गेली, मुलीचं बाळंतपण आहे. निघताना तानाबाई वाटी देऊन गेल्या आणि पुढच्या सोमवारपासून मीच करत जा म्हणाल्या. तांदूळही देऊन गेल्या. वामनराव गाडीत बसता बसता सांगत होते की ह्या हॉलचा ढीग दरसाल विकतात पण तळाचा हातभर कापूस कधीच काढत नाहीत, त्यांच्या आजीपासूनची रीत आहे, त्यानं बरकत राह्यते. नवं घर बांधलं तेव्हा जुन्या घरातून तो तळ आधी इथे आणला, मग देव आणले.

म्हणजे त्या ढिगाखाली साठ-सत्तर वर्षांचा सडका कापूस आहे, आणि मी त्याच्या भिंतीपलीकडे झोपते. मला सांगायला मूळव्याध झाली होती का यांना?

दहीभात आत ठेवला असता तर दोन दिवसांत आंबला असता आणि अजून अळ्या झाल्या असत्या. अन्न फेकणं माझ्या जिवावर येतं. दोघांना अर्धा अर्धा वाढला. शेवटचा घास भाऊसाहेब खाईना, मीच खाल्ला.

१९ जानेवारी

संत्री ओकते आहे. मांजरं केसांचे गोळे ओकतात हे मला माहीत आहे, इतकी वर्षं तेच पुसत आली आहे. पण हे केस नाहीत. पांढरा पुंजका, लाळेने ओला, आणि मध्ये सरकी. जशी बोंडातून निघते तशीच, काळपट, टपोरी. सकाळी एक ओकली, दुपारी मी दवाखान्यातून आली तर स्वयंपाकघरभर.

हॉलचं दार बंद आहे. ओढणी फटीत तशीच आहे. मग हिने कापूस खाल्ला कुठून?

जनावरांचे डॉक्टर हिरासिंग घरी येऊन गेले. दाबून पाहिलं, म्हणाले कापूस खाल्ला असेल, तेल पाजा, निघून जाईल. मग तिचं पोट परत दाबलं, जरा वेळ हात तसाच ठेवला, आणि म्हणाले की पिल्लं असतील. तिचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीच झालं आहे हे मी सांगितलं. त्यांनी हात पँटला पुसला आणि निघाले, चहाही नाही घेतला.

काही खात नाही. पोट मात्र वाढून राहिलं आहे. मऊ लागतं, आत काही नसल्यासारखं मऊ.

२३ जानेवारी

भाऊसाहेब दोन दिवसांपासून डोकं झटकत होता. आज उन्हात घेऊन बसली, कान उलटा केला. आत पांढरं दिसलं. वाटलं मळ आहे, चिमट्याने धरून ओढलं. आलं. अजून ओढलं. वात ओढावी तसं येतच राहिलं, हातभर, मग दोन हात, ओलं, पिवळट, आंबलेल्या दह्याचा वास येणारं. भाऊसाहेब हूं की चूं नाही, डोळे मिटून बसला, खाज भागल्यासारखा. शेवटाला सरकी होती. तिला मोड आलेला होता.

मी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून जाळलं. मग हात इतके घासले की कातडी सोलली. भाऊसाहेब दुसरा कान पुढे करून बसला होता. माझा म्हातारा! माझ्यावर त्याचा केवढा विश्वास. दुसरा कान मी नाही ओढला. माझ्याने नाही झालं.

दहीभात नाही केला. दह्याचं भांडं उघडवत नाही.

२६ जानेवारी

दवाखान्याला सुट्टी. संत्री सकाळपासून दिसत नाही.

खिडक्या बंद, पुढचं दार बंद. म्हणजे हॉल. ओढणी काढून दार ढकललं तर उघडेना. पलीकडून कापूस दाराला येऊन टेकला आहे. पहिल्या दिवशी पायरी आणि ढीग यांच्यात बाज मावेल एवढी जागा होती. मध्ये कोणी कापूस आणून टाकला नाही. मालक गावात नाहीत, कुलूप नाही मोडलं, मग हा वाढला कसा?

खांद्याने ढकलून हात आत घातला. गरम. भर जानेवारीत गरम, ओलसर, काखेत हात घातल्यासारखा. आणि तो वास. हाका मारल्या. आतून कुठून तरी तिचा घुरघुर आवाज आला, खूश असली की करते तो. मी हात कोपरापर्यंत घातला, खांद्यापर्यंत घातला. बोटांवरून काहीतरी वळवळत गेलं आणि मी हात ओढून घेतला. हातभर अळ्या होत्या, घामाच्या थेंबांसारख्या चिकटलेल्या, आणि कोपराच्या लवणीत एक आत शिरायला जागा शोधत होती.

किंचाळली. चपलेने स्वतःच्याच हातावर मारून घेतलं. संत्री आतच राहिली.

२८ जानेवारी

सापडली. आज दार उघडलं तर पायरीवरच होती, ढिगाने बाहेर ठेवून दिल्यासारखी.

उचलली तर वजनच नाही. उशी उचलावी तशी आली हातात. कातडी तिची, रंग तिचा, कानाचा तुटका कोपरा तिचा. आत कापूस. सगळीकडे, पंज्यांच्या बोटांपर्यंत भरलेला, गच्च. डोळ्यांच्या जागी दोन बोंडं उमललेली. तोंड उघडं, जिभेच्या जागी पांढरं.

मी तिला छातीशी धरून बसली. मला किळस यायला पाहिजे होती, आलीही, पण माझी मांजर होती ती. मग तिच्या पोटातून अळ्या माझ्या कुर्त्यावर उतरायला लागल्या आणि मी तिला फेकलं. स्वतःच्या मांजरीला फेकलं मी.

कडुनिंबाखाली पुरली. भाऊसाहेब पाहायला आला नाही. हॉलच्या दाराशी नाक लावून बसला होता.

३० जानेवारी, सोमवार

डाव्या दंडावर गाठ आली होती. आज दवाखान्याच्या संडासात दाबली. वाटलं पू निघेल. कातडी फाटली आणि पांढरं बाहेर आलं, उमललं. माझ्या डोळ्यांदेखत बोंडासारखं उमललं. रक्त नाही, दुखलंही नाही. मध्ये सरकी.

पाठीत, गुडघ्यामागे, कानाच्या पाळीत, सगळीकडे गाठी लागतात आता.

मग तपासणीच्या यंत्रापुढे स्वतःच बसली, पेशंट नसताना. मोबाईलने फोटो घेतला. बुबुळाच्या मागे तंतू आहेत. इतके बारीक, इतके स्वच्छ. रोज लोकांना सांगते, काही नाही हो, धूळ गेली असेल.

तानाबाईंना फोन लावला. आधी नातवाचं सांगत होत्या, मुलगा झाला, पेढे आणते. मी रडायला लागली तेव्हा थांबल्या. विचारलं, घास ठेवून राह्यल्या ना मॅडम? मी खरं सांगितलं. कुत्र्याने खाल्ला, मांजरीने खाल्ला.  मग म्हणाल्या की देवाच्या ताटातलं कोणी खाते का वो बाई, हे का सांगाव लागते का कोणाले? ढिगाचं जो उष्टं करते तो ढिगाचा होते. त्यांच्या सासूने त्यांना नवरी असताना पायरीवरच सांगितलं होतं, त्यांना वाटलं साऱ्यांनाच माहीत असते.

मग त्यांनी विचारलं, तुमी तं नाही ना खाल्ला?

मी फोन ठेवला.

२ फेब्रुवारी

नागपूरला जायचं. निशिगंधाशी, बहिणीशी बोलली. ती म्हणाली नयन, आत्ताच्या आत्ता नीघ, मेडिकलला नेते तुला. कुत्रा कोणाला तरी देऊन ये म्हणाली. मी तिला वाट्टेल ते बोलली.

गाडीवाला आला दुपारी. मी दारात आली तसा दोन पावलं मागे सरला. माझ्या केसांकडे पाहत होता. पुढचे केस पांढरे झाले आहेत, आणि ते केस नाहीत. बॅग तिथेच टाकून पळाला. शिवी तरी द्यायला थांबायचं ना, मेल्या!

एसटीने गेली असती. तेवढी ताकद होती. पण भाऊसाहेब घरात नाही. हॉलचं दार सताड उघडं, आणि तो ढिगात बसला आहे, गळ्यापर्यंत. माझ्याकडे पाहतो. शेपूट हलते, कापूस वर-खाली होतो त्यावरून कळते. मी पट्टा धरून ओढला. मग पुढचा पाय धरला. पाय

पाय हातात आला. फाटला आणि आला. आत कापूस. तो ओरडला नाही, त्याने माझा हात चाटला. जीभ कोरडी होती.

पाय त्याच्याजवळ परत ठेवला. कुठे जाऊ मी याला असं सोडून?

४ फेब्रुवारी

आज पातेलंभर दहीभात केला. फोडणी घातली, कोथिंबीर घातली. न चाखता. ढिगासमोर ठेवला, हात जोडले, नाक घासलं फरशीवर. म्हटलं माझं काय ते कर, याला सोड. याने मी दिला म्हणून खाल्ला.

संध्याकाळपर्यंत तसाच होता. मग गुलाबी झाला. अख्खं पातेलं वळवळत होतं.

ढिगाला भात नको आता.

खोकला. पुंजके. बेसिन भरलं. पुष्पा दारापर्यंत आली, मला पाहून भांडी न घासता परतली. तिने तोंडाला पदर लावला होता. मलाच माझा वास येतो. आंबलेला.

५ फेब्रुवारी

भूक नाही. खाज थांबली. हे चांगलं की

भाऊसाहेबाचं फक्त नाक बाहेर आहे. मी जवळ बसली आहे, पायरीवर. पाय आत सोडलेत, तो तिथेच कुठेतरी आहे. गरम आहे आत. घाण वाटत नाही आता. काल वाटत होती ना? वाटायलाच पाहिजे. शी म्हण, नयन. शी! —

उजवा हात अजून माझा आहे. लिहिता येतं. डाव्याची बोटं सकाळी उमलली — एकेक —

६ फेब्रुवारी सोमवार

उजाडलं. बाहेर गाडी. तानाबाईंचा आवाज, आणि बाया, बऱ्याच —

आल्या. दारात. सगळ्यांनी कमरेला ओटी बांधली आहे —

तानाबाई रडून राहिली. मॅडम माफ करा म्हणते — माहीत असतं तं घर दिलंच नसतं — पण फुटलेलं बोंड ठेवता येत नाही म्हणे, वाऱ्यानं उडते, मंग साऱ्या गल्लीत —

तिच्या हातात वाटी. दहीभात. मी म्हटलं ढिगापुढे ठेवा. तोंडातून फक्त कापूस —

ढिगापुढे नाही ठेवत. माझ्यापुढे आली —

मी भाऊसाहेबाकडे बोट दाखवलं. तिला समजलं. हो म्हणाली, दोघायले एकाच गाठोड्यात बांधू, एकटं नाही ठेवत त्याले —

बरं झालं. बरं —

शिंपडला. डोक्यावर. थंड. दही डोळ्यांत उतरतंय — बाया वाकल्या — पहिलं बोंड उजवीकडून घ्या म्हणते, या हाताचं, ज्या हाताने मी लि